शोधयंत्राची खतावणी

गिऱ्हाईक नसताना गादीवर बसलेल्या तरुण मुलाला ‘आज सोयाबीनचा भाव काय?’ किंवा ‘या मालावर आता जीएसटी किती?’ असे विचारले, तर पूर्वी तो वडिलांकडे नाहीतर मुनीमजींकडे पाही. आता तो मोबाइलकडे पाहतो. यात गैर काहीच नाही. मोबाइलजवळ मुनीमजींपेक्षा पुष्कळ अधिक माहिती आहे. चिंता वाटते ती एवढीच, की पडद्यावर जे पहिले उत्तर उमटते तेच तो मोठ्याने वाचून दाखवितो आणि दुकानातील मंडळी त्यावर व्यवहार ठरवून मोकळी होतात. मुनीमजींनी सांगितलेल्या आकड्यालाही आपले आजोबा ‘वही दाखवा’ म्हणत असत.

गूगल, बिंग, डकडकगो ही सारी शोधयंत्रे. आपण प्रश्न टंकला की हे यंत्र त्या क्षणी सारे इंटरनेट पालथे घालते, असा बहुतेकांचा समज असतो. वस्तुस्थिती निराळी आहे, आणि ती आपल्या वाचकांना समजावून सांगणे सोपे आहे, कारण कीर्द आणि खतावणी यांतील फरक व्यापारी घरात लहानपणीच कळतो. कीर्दीत व्यवहार तारखेच्या क्रमाने उतरतो. खतावणीत तोच व्यवहार खात्याच्या नावाखाली जातो आणि शेजारी कीर्दीचे पान लिहिले जाते. शोधयंत्राची आज्ञावली रात्रंदिवस संकेतस्थळांची पाने वाचीत असते आणि प्रत्येक शब्दाचे एक खाते उघडून तो शब्द कोणकोणत्या पानावर आला याची नोंद करून ठेवते. आपण प्रश्न विचारतो तेव्हा ते ही तयार खतावणी उघडते. म्हणूनच उत्तर क्षणार्धात येते.

यातून दोन गोष्टी ओघानेच निघतात. खाते ज्या नावाने उघडले आहे त्या नावाने विचारले, तर ते लवकर सापडते. आणि जे पान यंत्राला वाचताच आले नाही, त्याची नोंद खतावणीत असणार नाही. परवलीच्या शब्दामागे असलेली माहिती, किंवा नाव-क्रमांक भरल्यावरच तयार होणारे पान – उदाहरणार्थ आपल्या जमिनीचा सातबारा – शोधयंत्रात सहसा सापडत नाही. तेथे यंत्र आपल्याला कचेरीच्या दारापर्यंत नेते; आत जाऊन आपणच चौकशी करावी लागते.

आता क्रमाविषयी. लॅरी पेज आणि सर्गे ब्रिन या स्टॅनफर्ड विद्यापीठातील दोन विद्यार्थ्यांनी १९९८ साली गूगल कंपनी स्थापन केली, तेव्हा त्यांची मूळ कल्पना बाजारातील पतीसारखीच होती. ज्या पानाकडे इतर अनेक पाने बोट दाखवितात त्याची पत अधिक. आणि बोट दाखविणारा स्वतः पतवान असेल तर त्याच्या शिफारशीला वजन अधिक. आज या हिशेबात आपण कोठे आहोत, कोणत्या भाषेत विचारतो, पान किती ताजे आहे अशा पुष्कळ गोष्टी मिसळल्या आहेत. परंतु या साऱ्या हिशेबाच्याही वर एक जागा असते, आणि ती पैसे देऊन मिळते. तेथे ‘प्रायोजित’ किंवा ‘स्पॉन्सर्ड’ असा लहानसा शब्द असतो. चौकात मोक्याच्या जागी दुकान आहे म्हणून आतला माल चोख, असे कोणताही व्यापारी मानीत नाही. मोबाइलच्या पडद्यावर मात्र तोच व्यापारी पहिल्या ओळीवर बोट टेकवितो.

त्याची किंमत कधी कधी फार मोठी असते. माझ्या परिचयातील एका किराणा व्यापाऱ्याचे एक देणे बँकेच्या ॲपमधून गेले, पण समोरच्याच्या खात्यात पोहोचले नाही. त्यांनी शोधयंत्रात बँकेचे नाव आणि ‘कस्टमर केअर नंबर’ असे टंकले, वर आलेल्या क्रमांकावर फोन केला. पलीकडचा माणूस अत्यंत अदबीने बोलला, तक्रार नोंदविण्यासाठी एक ॲप उतरवून घ्यायला त्याने सांगितले, आणि त्या ॲपमुळे यांचा पडदा त्याला दिसू लागला. दोन दिवसांचा गल्ला दहा मिनिटांत गेला. हा गृहस्थ अडाणी नव्हे. उधारीच्या बाबतीत त्याच्याइतका सावध माणूस आमच्या पेठेत दुसरा नसेल. त्याने क्रमांक कोठून घेतला, एवढीच चूक झाली.

ठकसेन आपला क्रमांक जाहिरातीतून पुढे आणतात, बँकेसारखे दिसणारे पान तयार करतात, आणि नकाशावरील नोंदीत कुणालाही बदल सुचविता येतो या सोयीचाही गैरफायदा घेतात. म्हणून बँकेचा, विमा कंपनीचा, गॅस एजन्सीचा किंवा कुरिअरचा दूरध्वनी क्रमांक हा शोधयंत्रात शोधण्याचा विषयच नव्हे, असे मी स्पष्टपणे सांगतो. बँकेचा क्रमांक डेबिट कार्डाच्या मागे असतो, पासबुकावर असतो. संकेतस्थळच पाहावयाचे झाले, तर रिझर्व्ह बँकेने बँकांसाठी ‘डॉट बँक डॉट इन’ हा राखीव पत्ता ठरविला असून बँकांनी ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत तेथे स्थलांतर करावे असा निर्देश दिला होता. पत्त्याची ही शेपटी पाहण्याची सवय घरातील सर्वांना लावावी. शिखरजी किंवा पालिताणा येथील धर्मशाळेचे आरक्षण करतानाही हीच काळजी हवी. खोली दाखवून आगाऊ रक्कम घेणारी बनावट संकेतस्थळे तीर्थयात्रेच्या मोसमात हमखास वर येतात. संस्थेच्या पावतीवरचा किंवा नुकत्याच जाऊन आलेल्या नातलगाकडचा क्रमांक कधीही बरा. आणि दुर्दैवाने फसवणूक झालीच, तर १९३० हा राष्ट्रीय मदत क्रमांक पाठ असावा. रक्कम पुढच्या खात्यातून काढली जाण्याआधी ती रोखता यावी, यासाठी पहिल्या तासा-दोन तासांना महत्त्व असते.

वरील प्रसंगानंतर त्या गृहस्थांच्या चिरंजिवांनी शोधयंत्रात टंकले : ‘फ्रॉड झाला पैसे परत कसे मिळतील’. उत्तरादाखल वकिलांच्या जाहिराती आल्या, ‘आम्ही पैसे परत मिळवून देतो’ म्हणणारे लोक आले – त्यांतले काही तर पहिल्या ठकाचेच भाऊबंद असतात – आणि खेरीज भावनिक चित्रफिती. मूळ नियम मात्र आला नाही. कारण नियम लिहिणारा ‘पैसे परत’ असे लिहीत नाही. या विषयावर रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ रोजी काढलेल्या परिपत्रकाचे शीर्षक ‘कस्टमर प्रोटेक्शन – लिमिटिंग लायेबिलिटी ऑफ कस्टमर्स इन अनऑथराइज्ड इलेक्ट्रॉनिक बँकिंग ट्रान्झॅक्शन्स’ असे आहे. त्यातील ‘लायेबिलिटी’ आणि ‘अनऑथराइज्ड’ हे दोन शब्द इंग्रजीत टंकले, शेजारी ‘आरबीआय’ लिहिले, की खाते उघडते.

त्या परिपत्रकात काय आहे तेही येथे सांगून ठेवतो, कारण ते प्रत्येक खातेदाराच्या हिताचे आहे. दोष बँकेचा नाही आणि ग्राहकाचाही नाही, तर तिसऱ्याच ठिकाणी आहे, अशा वेळी बँकेची सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजी दिवसांत कळविले तर ग्राहकाची जबाबदारी शून्य. चार ते सात दिवसांत कळविल्यास मर्यादित. त्याहून उशीर झाल्यास बँकेच्या संचालक मंडळाने ठरविलेल्या धोरणाप्रमाणे. ग्राहकाने स्वतःच ओटीपी किंवा परवलीचा शब्द सांगितला असेल, तर बँकेला कळवीपर्यंतचे नुकसान त्याचे, कळविल्यानंतरचे बँकेचे. सहकारी बँकांसाठी त्याच वर्षी डिसेंबरात स्वतंत्र परिपत्रक निघाले. असा कागद हाती आला की पुढे त्यात बदल झाला काय, हे त्याच संकेतस्थळावर पाहून घ्यावे.

तात्पर्य असे, की ज्या कागदावर आपले उत्तर लिहिलेले असेल तो कागद कोणत्या शब्दांत लिहिलेला असेल, याचा क्षणभर विचार करून मग टंकावे. तोंडी बोलताना आपण ‘मालाचा नंबर’ म्हणतो; जीएसटीच्या तक्त्यात तो ‘एचएसएन कोड’ असतो. आपण ‘वारसाचे नाव लावणे’ म्हणतो; बँकेच्या अर्जावर ते ‘नॉमिनेशन’ असते, आणि मृत्यूनंतरच्या कामाला ‘डिसीज्ड क्लेम’ म्हणतात. शब्द ठाऊकच नसेल तर दोन टप्प्यांत शोधावे : पहिल्या खेपेस आपल्या शब्दांत विचारून एखादे बरे पान वाचावे, त्यातून शास्त्रशुद्ध संज्ञा उचलावी, आणि दुसऱ्या खेपेस ती संज्ञा टंकावी. मी स्वतः जवळजवळ नेहमी असेच करतो.

काही खुणाही शिकून घेण्यासारख्या आहेत. (त्या व त्यांसोबतचे शब्द आणि आकडे प्रत्यक्षात इंग्रजी अक्षरांत टंकावयाचे, येथे मी केवळ उच्चार देत आहे.) शब्दसमूह दुहेरी अवतरणचिन्हांत घातला की यंत्र ते शब्द त्याच क्रमाने असलेली पाने शोधते. शब्दाच्या आधी, जागा न सोडता, वजाचे चिन्ह दिले की तो शब्द असलेली पाने वगळली जातात. ‘साइट’ हा शब्द, त्याला चिकटून अपूर्णविराम आणि त्याला चिकटून संकेतस्थळाचा पत्ता दिला, तर शोध त्या एका संकेतस्थळापुरता होतो; पत्त्याऐवजी नुसते ‘जीओव्ही डॉट इन’ दिले, तर केवळ सरकारी संकेतस्थळे धुंडाळली जातात. माझ्या मते सगळ्यांत उपयोगी खूण हीच. बाकीच्या विसरल्या तरी चालतील. ‘फाइलटाइप’ अपूर्णविराम ‘पीडीएफ’ असे लिहिले की अधिसूचना, परिपत्रके, नमुना अर्ज असे छापील स्वरूपाचे कागद पुढे येतात.

आणि ‘आफ्टर’. ‘आफ्टर’ अपूर्णविराम, त्यापुढे वर्ष, महिना, दिवस असे आडव्या रेघांनी जोडून लिहिले की त्या तारखेनंतरची पाने मिळतात. व्यापाऱ्याला याचे मोल किती, ते जीएसटीच्या उदाहरणावरून कळेल. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला. २२ सप्टेंबर २०२५ पासून दरांची मोठी फेररचना झाली, १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे बहुतांश वस्तूंसाठी गेले आणि ५ व १८ हे मुख्य दर राहिले. तयार कपड्यांपुरते पाहा : पूर्वी नगाला १,००० रुपयांपर्यंत ५ टक्के आणि त्यावर १२ टक्के होते; आता २,५०० रुपयांपर्यंत ५ टक्के आणि त्यावर १८ टक्के आहेत. आठ वर्षांत लिहिलेली जुन्या दरांची हजारो पाने इंटरनेटवर तशीच पडून आहेत. त्यांच्याकडे बोट दाखविणारी पाने पुष्कळ असल्याने त्यांची पतही चांगली असते, आणि ती वर येऊ शकतात. दीड हजारांच्या शर्टावर कोणी जुन्या पानावरून १२ टक्के लावले, तर गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जाईल. तीन हजारांच्या साडीऐवजी तीन हजारांच्या तयार पोशाखावर १२ लावले, तर फरकाची रक्कम व्याजासह आपल्या खिशातून भरावी लागेल. ‘आफ्टर २०२५-०९-२२’ एवढे जोडल्याने हे बरेचसे टळते. पूर्णपणे नव्हे, कारण पानाची तारीख यंत्र अंदाजानेही ठरविते. म्हणून अधिसूचनेवरील तारीख डोळ्यांनी वाचावीच. आयकराच्या बाबतीतही हीच दक्षता हवी. १९६१ च्या कायद्याच्या जागी २०२५ चा कायदा आला असून त्याच्या अंमलाचा दिवस १ एप्रिल २०२६ आहे. कलमांचे क्रमांक बदलले आहेत, तेव्हा जुन्या कलमाचा क्रमांक टंकल्यास जुनीच चर्चा वाचावयास मिळणार.

उधारीवर माल मागणाऱ्या अनोळखी पेढीची चौकशी हा आपल्या घरांतील नित्याचा प्रश्न. ‘महावीर ट्रेडर्स’ असे नाव टंकले तर काय होईल, हे सांगावयास नको. या नावाची पेढी नाही असा बाजार महाराष्ट्रात विरळा. अवतरणचिन्हांत नाव, पुढे गावाचे नाव आणि मालाचे नाव दिल्यास गर्दी थोडी ओसरते. तथापि खरी माहिती शोधयंत्राच्या खतावणीत नसून जीएसटीच्या संकेतस्थळावर आहे. तेथे ‘सर्च टॅक्सपेअर’ या ठिकाणी समोरच्याचा १५ अंकाक्षरी क्रमांक भरला की कोणत्याही परवलीच्या शब्दाविना त्याचे कायदेशीर नाव, व्यापारी नाव, नोंदणीची तारीख, नोंदणी चालू आहे की रद्द, आणि विवरणपत्रे कोणत्या महिन्यांची भरली आहेत, हे सारे दिसते. तो क्रमांकही नीट वाचावा. पहिले दोन अंक राज्याचे – महाराष्ट्राचे २७ – आणि पुढची दहा अक्षरे म्हणजे मालकाचा पॅन. म्हणजे एकंदर सहावे अक्षर पाहिले की मालकी कळते : इंग्रजी ‘पी’ असेल तर व्यक्ती, ‘एफ’ असेल तर भागीदारी, ‘सी’ असेल तर कंपनी, ‘एच’ असेल तर हिंदू अविभक्त कुटुंब. ‘आमची प्रायव्हेट लिमिटेड आहे’ म्हणणाऱ्याच्या क्रमांकात ‘पी’ निघाला, तर बोलणे तेथेच आवरते घ्यावे. नोंदणी दोन महिन्यांपूर्वीची आणि मागणी मात्र लाखोंची, हेही लक्षणीय.

बँकेत असताना ज्या एका कामाने मला सतत अस्वस्थ केले ते म्हणजे विस्मृतीत गेलेल्या ठेवी. आजोबांनी ठेव ठेवली, पावती कपाटाच्या खणात राहिली, कुटुंब पुण्या-मुंबईला गेले आणि विधवा आजीला त्याचा पत्ताच नाही. दहा वर्षे दावा न झालेल्या ठेवी रिझर्व्ह बँकेच्या निधीकडे वर्ग होतात. पण हक्क बुडत नाही, वारसांना बँकेमार्फत त्या मागता येतात. अशी एखादी जुनी पावती हाती आली आणि तिच्यावरील बँकच आज अस्तित्वात नसेल, तर आधी ती कोणात विलीन झाली हे शोधावे. येथेही शब्द महत्त्वाचा : बँकेचे नाव आणि त्यापुढे ‘अमाल्गमेशन’ किंवा ‘मर्जर’. साताऱ्याची युनायटेड वेस्टर्न बँक २००६ साली आयडीबीआयमध्ये गेली, सांगली बँक २००७ साली आयसीआयसीआयमध्ये, आणि देना बँक व विजया बँक १ एप्रिल २०१९ रोजी बँक ऑफ बडोदामध्ये.

बँक ठाऊकच नसेल तर रिझर्व्ह बँकेचे ‘उद्गम’ हे संकेतस्थळ आहे. ते १७ ऑगस्ट २०२३ रोजी सुरू झाले आणि मार्च २०२४ पर्यंत ३० बँका त्यात सामील झाल्या होत्या. ही माहितीही शोधयंत्रात येत नाही. भ्रमणध्वनी क्रमांक नोंदवून आतच शोध घ्यावा लागतो. नाव टंकताना धीर धरावा. एकच ‘शहा’ जुन्या कागदोपत्री इंग्रजीत शेवटी ‘ए’ लावून आणि न लावता, असा दोन्ही प्रकारे लिहिलेला असतो. ‘दोशी’, ‘मेहता’, ‘गांधी’ यांचीही तीच गत. आडनाव आधी, आडनाव शेवटी, वडिलांच्या नावाचे आद्याक्षर, पूर्ण नाव – असे सर्व प्रकार करून पाहिल्याशिवाय ‘काही नाही’ असा निष्कर्ष काढू नये. आमच्या शाखेत एका घराची पावती पाचव्या प्रकारच्या नावाखाली सापडली होती, आणि ती संगणकापूर्वीच्या काळातली गोष्ट.

भाषेच्या निवडीनेही उत्तर बदलते. ‘हरभरा भाव’ असे टंकल्यास लातूर, अकोला यांसारख्या आपल्या बाजार समित्या पुढे येतात. ‘चना भाव’ लिहिल्यास मध्य प्रदेश व राजस्थानच्या मंड्या. सांगलीच्या हळद व्यापाऱ्याला निजामाबाद किंवा इरोडचा कल पाहावयाचा असेल तर त्याने इंग्रजीत विचारावे. भावासाठी महाराष्ट्र राज्य कृषी पणन मंडळाच्या संकेतस्थळावर आवक, किमान, कमाल आणि सर्वसाधारण असे रकाने असतात. एखाद्या बातमीत झळकणारा कमाल दर हा पुष्कळदा मूठभर उत्तम मालाचा असतो. सौदा करणाऱ्याने सर्वसाधारण दराचा आणि आवकेचा रकाना पाहावा.

राहता राहिला प्रश्न सर्वांत वर दिसणाऱ्या तयार उत्तराचा. २०२४ पासून गूगल पुष्कळ प्रश्नांना कृत्रिम बुद्धिमत्तेने जुळविलेला सारांश देते. सारांश वाचावयास गोड असतो आणि सामान्य ज्ञानाच्या प्रश्नांना पुरेसाही पडतो. पण जुन्या दराचे एक पान आणि नव्या दराचे दुसरे, असे दोन्ही मिसळून तो एकच ठाम वाक्य बनवू शकतो, आणि त्या वाक्यावर सही कोणाचीच नसते. त्याच्या बाजूला किंवा खाली मूळ पानांचे दुवे असतात ते उघडावेत. सारांश नकोच असेल तर शोधाच्या वरच्या पट्टीत ‘वेब’ नावाचा पर्याय आहे. तो निवडला की पूर्वीसारखी साधी यादी दिसते. दुवा उघडला आणि पान काढून टाकलेले निघाले, तर ‘वेबॅक मशीन’ या नावाच्या संग्रहात त्या पानाचा पत्ता टाकून पाहावा. इंटरनेट अर्काइव्ह ही अमेरिकेतील संस्था १९९६ पासून पानांच्या प्रती जपून ठेवीत आली आहे, आणि २००१ पासून त्या कोणालाही पाहता येतात. जुन्या व्याजदराचा तक्ता किंवा एखाद्या योजनेची मूळ अट तेथे तारखेनिशी मिळून जाते.

ठेवींप्रमाणेच विस्मृतीत गेलेल्या शेअर्सचे आणि लाभांशाचे कसे करावे, असे काही वाचकांनी पत्राने विचारले आहे. सात वर्षे न उचललेला लाभांश आणि त्यासोबतचे शेअर्स आयईपीएफ या निधीकडे जातात. ते परत मागण्याची रीत लांब असल्याने तिच्याविषयी पुढील अंकात लिहीन. तोवर घरातील जुनी प्रमाणपत्रे एकत्र करून त्यांवरील फोलिओ क्रमांक एका कागदावर उतरवून ठेवावेत.